सात नंबरचा खुंटा

"सोळा खांब लागतील," आबा म्हणाले, "आणि सोळाही घरचेच."

रविवारची सकाळ होती आणि आबांचा चहाचा दुसरा कप चालू होता. आबांची महत्त्वाची विधानं नेहमी दुसऱ्या कपालाच होत. पहिला कप ते विचार करायला घेत. समोर चिरंजीव बसले होते. वय पंचेचाळीस, केस कानापाशी पांढरे, पण घरात अजून 'बाळ्या'. सूनबाई पाव भाजत होती आणि आई दुधावर लक्ष ठेवून उभी होती.

"घरचे म्हणजे?" बाळ्यानं विचारलं.

"रस्त्याकडची निलगिरी. सोळा झाडं आहेत, सोळा खांब. तोडणारा गुरुवारी येतोय. मी कालच सांगून आलो."

आईचं दूध उतू गेलं. या घरात आल्यापासून आपलं दूध एकदाही उतू गेलं नाही, असं ती मोठ्या दिमाखात सांगत असे. पण त्या क्षणी सगळे आबांकडे बघत होते, त्यामुळे एवढी मोठी घटना कुणाच्या लक्षातच आली नाही.

छप्पर नवं करायचं हे ठरलेलंच होतं. परसात सात गाई होत्या, वर्षाची वैरण होती, आणि त्या सगळ्यांवरचं जुनं छप्पर गेल्या पावसात एका बाजूला कललं होतं. त्याला घाईघाईत शिडीचा टेकू दिला होता. आता शिडी काढली तर छप्पर पडणार, म्हणून माळ्यावरचं सामान वर्षभर माळ्यावरच होतं. तसं ते साधं काम. जमिनीत खांब पुरायचे, वर पत्रे टाकायचे. भिंत नाही, पाया नाही. खांब टिकले तर छप्पर टिकणार, आणि जमिनीलगत कुजले तर ते थेट गाईंच्या पाठीवर येणार.

"लोखंडी खांब घालू ना," बाळ्या म्हणाला.

"लोखंड गंजतं."

"मग सिमेंटचे?"

"तडकतात. आणि ही कशाला हवीत थेरं? बावीस वर्षं पुरावा गोळा केलाय मी. घे ती वही नि चल परसात."

आबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. हयातभर त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले. वजनाच्या तळाला मेण लावणारे, तागडीखाली चिंच चिकटवणारे, सगळे त्यांनी पकडले होते. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नसे. वजन करून, माप लावून दाखवलं की बसे. बावीस वर्षांपूर्वी आधीचं एक छप्पर पडलं तेव्हा नव्या खांबांना लाकूड कुठलं घ्यावं यावरून त्यांचा आणि सुतारमामांचा वाद झाला. मामा म्हणाले, निलगिरी जमिनीत टिकत नाही. आबा म्हणाले, निलगिरीत तेल असतं, त्या वासानं कीड जवळ फिरकत नाही. वाद मिटेना, तेव्हा आबांनी खात्याच्या शिस्तीनं तोडगा काढला. नऊ जातींच्या लाकडांचे नऊ खुंटे मामांकडून सारख्या मापाचे करून घेतले, प्रत्येकावर आकडा कोरून घेतला आणि परसाच्या कोपऱ्यात ओळीनं पुरले. तोवर छपराला मिळतील ते खांब लावून घेतले. काळ ठरवील, असं आबा म्हणाले. काळानं बराच वेळ घेतला.

दर वर्षी पाऊस संपला की पहिल्या रविवारी तपासणी असे. खुंटा उपटायचा नाही, हलवायचा नाही, असा नियम होता. बुंध्याजवळची माती चार बोटं उकरायची आणि पोती शिवायचा दाभण लाकडात टोचून बघायचा. किती आत गेला ते वहीत लिहायचं. आई, बाळ्या आणि सुतारमामा साक्षीला उभे राहत. आंब्याचा खुंटा पहिल्याच वर्षी गेला. खोक्याच्या देवदारानं दुसऱ्या वर्षी राम म्हटला. मग बाभूळ, जांभूळ, चिंच असे एकेक करून सगळे गेले. आता दोन नंबरचा साग, पाच नंबरचा खैर आणि सात नंबरची निलगिरी एवढेच उभे होते.

"टोच," आबांनी दाभण बाळ्याच्या हातात दिला. बाळ्यानं सात नंबरला टोचला. दाभण आत जाईना.

"आता वास घे."

बाळ्या गुडघ्यावर बसला आणि त्यानं खुंट्याला नाक लावलं. बावीस वर्षांच्या लाकडाला खरोखरच निलगिरीचा वास येत होता.

"साग बाहेरून आणायचा, खैर बाहेरून आणायचा. आणि त्यांच्या तोडीस तोड लाकूड आपल्या दारात उभं आहे." आबांचा आवाज जरा खाली आला. "तुझ्या आईनं आणि मी लावलीत ती झाडं. या घरातलं पहिलंच वर्ष. विहीर इथून लांब होती, दोघं मिळून एक हंडा काठीला अडकवून आणायचो. तेव्हा माझ्या कमरेएवढी होती. त्यांचंच छप्पर व्हावं असं वाटतं. मी नसलो तरी माझं काहीतरी उभं राहील."

बाळ्या वही चाळत बसला. वही म्हणायला लाकडाची होती, पण समासात सगळं घर होतं. 'क्र. ४ शंका. बाळ्याला नोकरी लागली.' 'क्र. ८ गेला. नात झाली, वजन सहा पौंड, काटा बरोबर.' 'क्र. ७ उत्तम. हिची कंबर धरली.' पुढे दोन पानांनी पुन्हा, 'क्र. ७ उत्तम. हिची कंबर धरली.' बाळ्याच्या लक्षात आलं की आईची कंबर एक वर्षाआड, पाऊस संपता संपता धरते. आबांनी एवढ्या बारकाईनं तेही लिहून ठेवलं होतं, याचं त्याला कौतुक वाटलं.

दुपारपर्यंत आईनं विरोध सुरू केला. आजवर या माणसाच्या कुठल्याही प्रयोगात तिनं खोडा घातला नव्हता, त्यामुळे तिला विरोध कसा करतात तेच नीट येत नव्हतं.

"कपडे वाळत घालायची दोरी त्या झाडांना आहे," ती म्हणाली.

"लोखंडी नळ रोवून देतो."

"आत्ता म्हणालात लोखंड गंजतं."

"दोरीचं गंजलं तर गाई मरत नाहीत."

"वारा अडतो त्या झाडांनी."

"छपरानंही अडेल."

"मला त्यांचा आवाज आवडतो," आई शेवटी म्हणाली. हे खरं होतं. पण खरं कारण नव्हतं, म्हणून तिलाच ते पोकळ वाटलं. आबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "मलाही आवडतो गं. पण पुरावा बघ ना."

पुराव्याचा उल्लेख होताच आई तडक आत निघून गेली.

संध्याकाळी सूनबाई अंडी काढायला खुराड्याशी गेली. एक अंडं गडगडत फळीखाली गेलं, म्हणून तिनं खाली हात घातला आणि तिच्या हाताला लाकूड लागलं. ओढून काढलं तर तो एक खुंटा होता. त्यावर सात आकडा कोरलेला होता. तिनं पुन्हा हात घातला तर आणखी दोन निघाले, तेही सात नंबरचे. एक कोरा करकरीत, एक करडा, आणि तिसरा इतका जुनाट की आजोबांच्या आजोबांनी पुरला असावा. सूनबाईनं अंडं तिथंच ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. बाळ्यानं बघितलं आणि आईला हाक मारली.

"आई, हे काय आहे?"

आईनं पदराला हात पुसले. "खुंटे."

"ते दिसतंय. सगळे सात नंबरचे?"

"बाकीच्यांना गरज नाही पडली."

बाळ्या खुराड्याच्या कट्ट्यावर बसला. "म्हणजे परसात जो उभा आहे तो…"

"महिन्यापूर्वीचा. तपासणीच्या आधी घातला. दोन वर्षं होत आली की आधीचा खालून भुसभुशीत होतो." आई आता मोकळेपणानं बोलू लागली, इतक्या वर्षांत घरात तिला हे कुणाला सांगता आलं नव्हतं. "नवा खुंटा सहा महिने कोंबड्यांखाली ठेवला की वीस वर्षांचा दिसतो. मग मामांकडून खालून मापाला कापून आणायचा, तिथंच खड्डा करायचा, ठोकायचा, वर बाजूचं गवत मातीसकट आणून बसवायचं. एका वर्षी तुझे आबा म्हणाले, वास गेला गं याचा. मग मी सर्दीच्या बाटलीतलं दोन थेंब तेल चोळायला लागले."

"म्हणून ती बाटली सारखी संपायची," सूनबाई म्हणाली. "मला वाटायचं मामंजींना सर्दी आहे."

"अगं आई, पण का?"

आईनं करडा खुंटा उचलून मांडीवर घेतला. "चौथं वर्ष होतं. ज्याला यांनी काटा धरायला शिकवलं, तो यांच्यावर साहेब होऊन आला. घरी आले, बूटसुद्धा काढले नाहीत, तसेच परसात जाऊन उभे राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणतात, 'निदान सात नंबर तरी उभा आहे.' दुसऱ्या दिवशी तण काढताना माझा हात लागला नि तोच मुळातून मोडला. आता तू सांग, मी काय करायला हवं होतं?"

बाळ्यानं जुनाट खुंटा परत फळीखाली ढकलला.

"बरं, पण नंतर? निवृत्त झाल्यावर तरी सांगायचंस."

"निवृत्त झाल्यावर तर मुळीच नाही. मग त्यांच्याकडे तपासायला तेवढंच उरलं होतं."

दुकानदारांच्या तागडीखालची चिंच पकडणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात अठरा वर्षं गुंडाळलं गेलं होतं, आणि तेही केवळ त्याच्यावरच्या मायेनं. आता त्याच मायेपायी सोळा झाडं तुटणार होती आणि दोन वर्षांनी छप्पर गाईंच्या अंगावर येणार होतं. झाडं वाचवायची तर आबांना सांगायला हवं होतं, आणि सांगावं तर बावीस वर्षांची वही रद्दी होणार होती.

"मी बघतो काय ते," बाळ्या म्हणाला. घरातल्या कर्त्या माणसाला असं म्हणावंच लागतं.

सोमवारी तो सुतारमामांकडे गेला. मामा भुशात पाय रोवून एक दार रंधत होते. बाळ्यानं विषय काढताच त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि कानावरची निळी पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

"वहिनींनी सांगितलं तर," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी साहेबांपुढं दर साली मान खाली घालून हरतोय, आणि हरायचा खुंटाही मीच करून देतोय. धंद्यात अशी नाचक्की कुणाची झाली नसेल."

"मग आता तुम्हीच सांगा त्यांना. सुतार म्हणून सांगा की निलगिरी नको."

मामा भला माणूस. त्याच संध्याकाळी ते घरी आले, चहा घेतला आणि विषयाला हात घातला. "साहेब, निलगिरीचा खांब पीळ खातो बघा. उन्हानं फिरतो. वरचे पत्रे उचकटतात."

"असं?" आबा उठले. "चला, मोजू."

त्यांनी सात नंबरला ओळंबा लावला, चारही बाजूंनी पट्टी लावली. महिन्यापूर्वीचा खुंटा पीळ कशाला खाईल? आबांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला. "मामा, बावीस वर्षांत एक सूत फिरला नाही. शंका होती तीही तुम्ही घालवलीत. आता गुरुवारची वाट कशाला बघू? तोडणाऱ्याला उद्या संध्याकाळीच या म्हणून निरोप देतो."

मामा गेले ते आईकडे न बघता गेले.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात तिघांची बैठक बसली. सात नंबर कुजलेला दिसला पाहिजे, असं बाळ्याचं म्हणणं पडलं. त्यासाठी एक कुजका खुंटा हवा होता.

"कुजके मी बंबात घातले," आई म्हणाली. "पाणी छान तापायचं."

कुजक्या लाकडासाठी माणसं हळहळल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. शेवटी सूनबाईनं सुचवलं की गाय बांधू. आबा दुपारी झोपतात. तेवढ्यात सगळ्यांत आडदांड गाय सात नंबरला बांधायची, ती ओढील, खुंटा मोडेल, आणि मग आतून कुजलाच होता म्हणायचं. योजनेत काही खोट दिसत नव्हती, एवढीच तिच्यातली खोट होती.

दुपारी बाळ्यानं काळी गाय आणून खुंट्याला बांधली. ही गाय म्हणजे घरातलं वादळ. तिनं दोन बादल्या नि एक दार मोडलं होतं आणि एका पाहुण्याचं धोतर फाडलं होतं. त्या दिवशी मात्र तिनं खुंट्याचा वास घेतला, सर्दीच्या तेलानं तिला बहुधा बरं वाटलं, आणि ती त्याच्याशेजारी बसून रवंथ करू लागली. बाळ्यानं तिला ढकललं. तिनं मान वळवून त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. त्यानं समोर वैरण धरली. तिनं उठायचे कष्ट न घेता मान लांब करून खाल्ली. पाव तास हे चाललं. अखेर बाळ्यानं गाय सोडली, पहार आणली, खुंट्याच्या बुंध्याशी घातली आणि सगळा जोर लावून तो उपटला. तेवढ्यात गाय मोकळी झाल्याच्या आनंदात मोठ्यानं हंबरली.

आबा बनियनवरच मागच्या दारात आले. समोर बाळ्या उभा होता. एका हातात पहार, दुसऱ्या हातात सात नंबर. त्याच्यामागे आई आणि सूनबाई होत्या. पळायला वेळ नव्हता आणि वयही नव्हतं.

बाळ्यानं तोंड उघडलं. पण आबांनीच हात वर करून त्याला थांबवलं आणि ते पायरीवर बसले. चेहरा एकदम थकला होता.

"कळलं तर तुला," ते म्हणाले. "मामांनी सांगितलं ना?"

"काय?"

"की हा खुंटा पहिला नाही." आबांनी चष्मा काढला. "दुसऱ्या वर्षी तपासणीच्या आदल्या आठवड्यात मी सहज हात लावून बघितला. पार कुजला होता. मामांपुढं एवढं छातीठोक बोललो होतो मी. मग त्यांच्याकडेच गेलो, म्हटलं, मामा, एक करून द्या, कुणाला सांगू नका. आयुष्यभर लोकांचे काटे तपासले, आणि घरच्या काट्यात मीच हात घातला. पण एकदाच, बाळ्या. नंतरचा हा वीस वर्षं टिकला. म्हणून मला वाटलं, पहिल्याचंच लाकूड खोटं होतं."

आईच्या हातातला पदर तसाच राहिला. "म्हणजे तो चौथ्या वर्षी मोडला तो तुमचा होता?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कोण मोडला?"

आबांनी बाळ्याच्या हातून खुंटा घेतला, डोळ्यांपाशी नेला, आणि सवयीनं उलटा केला. वजन तपासताना ते आधी तळ बघत. खालचं टोक पांढरं स्वच्छ होतं. त्यावर करवतीचे वळ होते आणि मामांच्या निळ्या पेन्सिलची रेघ होती.

"वीस वर्षं जमिनीत राहून पेन्सिलीची रेघ राहते?" त्यांनी हळूच विचारलं.

मग आईनं सगळं सांगितलं. चौथं वर्ष, बूट, तण, कोंबड्या, तेल. सांगताना एकदाही थांबली नाही. आबा ऐकत होते आणि कोरलेला सात अंगठ्यानं चाचपत होते. बाळ्याला वाटलं, आता वही चुलीत जाणार.

"किती?" आबांनी विचारलं.

"काय किती?"

"एकूण किती घातलेस तू?"

"हा धरून दहा."

आबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. "पहिला एक. माझा एक. तुझे नऊ. म्हणजे अकरा कुजले, बारावा हा. बावीस वर्षांत अकरा." त्यांनी डोळे उघडले. "दोन वर्षांना एक. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चुकला नाही."

"अहो, चुकलं माझं," आई म्हणाली.

"चुकलं काय? अगं, बाकीची लाकडं मी एकेकदाच तपासली. निलगिरीची तपासणी अकरा वेळा झाली, त्यातली दहा वेळा तू केलीस. जमिनीत ती दोन वर्षं टिकते, यापेक्षा पक्का पुरावा माझ्या अख्ख्या खात्यात कुणी गोळा केला नसेल." ते हे खात्यातल्या आवाजात म्हणाले, पण शेवटी शेवटी तो आवाज फुटला. "आणि दर वेळी कंबर धरायची तुझी," ते पुटपुटले. "मी लिहायचो नुसता."

आई त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, म्हणून ती दोन्ही करत होती.

"मग खांब कसले घ्यायचे?" बाळ्यानं विचारलं. त्याला पहार अजून खाली ठेवायचं सुचलं नव्हतं.

"खैराचे," आई डोळे पुसत म्हणाली. "साग वरून छान दिसतो, पण खाली त्याचं एक अंग गेलंय. यांचा दाभण चार बोटं खाली जातो, माझी पहार दीड हात जायची. चुकून साग लागला तर भुसा यायचा. खैराला लागली की हाताला झिणझिण्या यायच्या."

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू हे घर त्यांनी आजच पाहिलं. मग ते उठले, सदरा घातला आणि तोडणाऱ्याला नको म्हणून सांगायला निघाले. फाटकापर्यंत जाऊन ते थांबले.

"एवढंच वाटतं," ते म्हणाले, "त्या छपरात माझं काहीतरी राहिलं असतं."

"रस्त्याला सोळा उभी आहेत की," आई म्हणाली. "आणखी किती हवं तुम्हाला?"

आबांनी वर बघितलं. झाडं वाऱ्यावर आवाज करत होती. ते तिथं जरा जास्तच वेळ उभे राहिले आणि मग गेले.

पंधरा दिवसांनी खैराचे सोळा खांब परसात येऊन पडले. मामांनी दोरी आखली, चुन्यानं सोळा खुणा केल्या, पहार हातात घेतली आणि सवयीनं आबांना विचारलं, "साहेब, खड्डे किती खोल घ्यायचे?"

आबांनी छाती पुढे काढली, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"थांबा जरा," ते म्हणाले, "विचारून येतो." आणि ते स्वयंपाकघराकडे गेले.